वर बसेल ती बॅटरी मरते

तेजूने दुपटं ओलं केलं की भोंगा वाजायला हवा, एवढंच माझं सर्किट. महिनाभर तो भोंगा रोज वाजत होता. आणि ज्या दिवशी दुपारी तीन वाजता पुण्याच्या साहेबांना तो वाजवून दाखवायचा, नेमका त्याच दिवशी सकाळी मुका झाला.

भोंगा खरा नव्हता हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आमच्या सासूबाईंसारखा तुमचाही गोंधळ उडेल. तो लॅपटॉपमधला होता. सर्किट प्रत्यक्ष जोडायच्या आधी ते चालेल की नाही हे बघायचं एक सॉफ्टवेअर असतं. त्यातलं मी वापरते ते जुन्या वळणाचं, चित्रबित्र नाही, नुसत्या ओळी. एक ओळ म्हणजे एक वस्तू. बॅटरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नऊ व्होल्ट. खाली रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, भोंगा. ओळी लिहायच्या, बटण दाबायचं, की हे सगळं खरोखर जोडलं असतं तर काय झालं असतं ते पडद्यावर रेषा काढून दाखवतं. माझ्या फाइलमध्ये पाचव्या सेकंदाला तेजू दुपटं ओलं करायची, म्हणजे एक खोटा स्विच चालू व्हायचा, आणि त्याच क्षणी भोंग्याची रेषा टुणकन वर उडायची.

आठ महिन्यांची पोर रांगत असलेल्या घरात तापलेली सोल्डरिंगची कांडी बाहेर काढायची माझी छाती नाही. त्या कांडीची वायर ओढली तर काय, टोक धरलं तर काय? म्हणून हे सॉफ्टवेअर मला फार आवडतं. यात काहीच भाजत नाही.

आता त्या दिवसाचं महत्त्व. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. तेजू झाल्यापासून घरीच होते, आणि रोह्याच्या एका कारखान्यात जागा मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं. दिवेआगरहून रोज रोहा करणं माणसाचं काम नाही, म्हणजे तिथे खोली घ्यायची, शनिवारी रात्री घरी यायचं, आणि तेजू राहणार आईंकडे. आई म्हणजे सासूबाईच. त्या तिला माझ्यापेक्षा चांगलं सांभाळतात हे मला ठाऊक आहे, पण ठाऊक असल्याने काय होतं? मी अंगणात कपडे वाळत घालायला गेले तरी तीनदा दारातून डोकावते.

त्यात पुण्याच्या एका लहानशा कंपनीची मेल आली. ते मुलांच्या वस्तू बनवतात आणि सर्किटं आधी सॉफ्टवेअरमध्ये तपासून देणारं माणूस हवं होतं. घरबसल्या. स्वतः केलेलं एक सर्किट समोर चालवून दाखवायचं, पटलं तर काम. शेवटी एक ओळ होती: फाइल स्वच्छ हवी, अनावश्यक टिपा आणि वैयक्तिक मजकूर नको.

स्वच्छतेच्या बाबतीत माझ्या फाइलचं काही खरं नव्हतं. मी जागोजाग टिपा लिहून ठेवल्या होत्या. ‘इथे तेजू उठली, पुढचं नंतर.’ ‘हा रेझिस्टर कशाला घातला देव जाणे, पण काढला की बिघडतं.’ ‘भात लागला.’ सकाळी तेजूला पेज भरवून आईंच्या मांडीवर दिली आणि या सगळ्या टिपा एकेक करून पुसल्या. मग उरली सगळ्यात वरची ओळ. जयभीम.

ती बाबांची. बाबा म्हणजे माझे सासरे, धर्माजी गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण गुरुजीपण निवृत्त झालेलं नाही. आमच्या घरात कोऱ्या कागदावर पहिला शब्द जयभीम, मग पत्र असो, वाणसामानाची यादी असो की तेजूच्या डोसांच्या तारखा. लॅपटॉप घरी आला त्या दिवशी त्यांनी मला कोरी फाइल उघडायला लावून वर जयभीम लिहून घेतलं होतं. म्हणाले, “आता दरवेळी हिचीच नक्कल काढत जा, म्हणजे विसरायला नको.” मी शहाण्या सुनेसारखी तेच करत आले. माझं प्रत्येक सर्किट त्या नकलेतून जन्मलेलं.

पुण्याच्या संगणकावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटले तर वाईट दिसेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं कारण मी मनातही धड उच्चारलं नाही. माणूस अनोळखी, नोकरीची गरज मला. ओळ निवडली, पुसली, आणि एकदा सगळं चालतंय ना बघावं म्हणून बटण दाबलं.

पाचव्या सेकंदाला तेजूने दुपटं ओलं केलं. भोंग्याची रेषा आडवी ती आडवीच. खाली आकडे बघितले तर सगळीकडे शून्य. बॅटरीच्या टोकाला शून्य, ट्रान्झिस्टरला शून्य. आणि चूक? एकही नाही! सॉफ्टवेअरचं म्हणणं, सगळं उत्तम आहे, फक्त काहीच होत नाही.

चूक दाखवली असती तर मी तिच्याशी भांडले असते. पण हे म्हणजे बाळ रडत नाही, ताप नाही, आणि दूधही पीत नाही. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

“काय झालं वहिनी? चेहरा का असा?” नणंद विनिता आंघोळ करून केस पुसत आली. ती माणगावला कॉलेजला आहे, सुट्टीवर घरी होती.

“वाजत नाहीये.”

“बंद करून चालू कर ना.”

केलं. शून्य. ओळी परत टाइप केल्या. शून्य. ट्रान्झिस्टर बदलला, रेझिस्टर निम्मा केला, भोंगाच काढून दुसरा घातला. शून्य, शून्य, शून्य. तोवर बाबा चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले होते.

“एखादी तार सुटलीय का बघ.”

“बाबा, यात तारा नाहीत.”

“तारा नाहीत तर वीज जाईल कशी?” बाबांनी विनिताकडे असं पाहिलं, की बघ, कुणी विचारच करत नाही.

आई पडवीत सुपात सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. तेजू सुपाच्या दिशेने रांगायची, आई तिला एका हाताने मागे ओढायच्या, दुसऱ्या हाताने सोडे निवडायच्या. माझा एक डोळा पडद्यावर आणि एक त्या सुपावर. सोड्याचं टोक टोचलं तर? नाकात गेलं तर?

“आई, तेजू!”

“दिसतेय मला. तुजं तू बग. सेल उतरला असंल गो तुजा.”

“आई, खरा सेल नाही तो. नुसता लिहिलेला आहे. लिहिलेला सेल उतरत नाही.”

“का न्हाय उतरत? बॅटरीतला उतरतो, घड्याळातला उतरतो, तुजाच तेवडा अमर हाय व्हय? दुसरा टाकून बग. काय जातंय?”

विनिता फिसकन हसली. मला हसू येत नव्हतं. घड्याळात अकरा वाजून गेले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर रोह्याची एक खोली दिसत होती, जी मी अजून पाहिलेलीसुद्धा नव्हती. निदान आईंचं समाधान तरी होईल म्हणून मी पहिल्या बॅटरीच्या खाली तशीच दुसरी बॅटरी लिहिली. दुसऱ्या नावाची, बाकी सगळं तेच. बटण दाबलं.

रेषा उडाली.

“वाजला!” विनिता ओरडली आणि भोंग्याचा आवाज लॅपटॉपमधून येत नाही ही उणीव तिने स्वतःच भरून काढली, “पींऽऽऽ!”

तेजू दचकली, तिने विनिताकडे पाहिलं, आणि दोन्ही दात दाखवून खदाखदा हसली.

“सांगत होते का न्हाय?” आई पडवीतून. “सेलच उतरलेला.”

आता मी जास्तच घाबरले. शून्य आलं तेव्हा निदान कळत नव्हतं एवढंच. पण लिहिलेला सेल उतरतो, हे जर खरं असेल तर माझा डिप्लोमा परत करायला हवा. मी जुनी बॅटरी, म्हणजे वरची, पुसली. उतरलेला सेल ठेवायचा कशाला? नवीन एकटी राहिली. बटण दाबलं.

शून्य.

“नवापण उतरला?” विनिता.

परत दोन्ही लिहिल्या. पींऽऽऽ! तेजू हसली. या वेळी खालची पुसली. शून्य. परत दोन्ही. पींऽऽऽ!

“म्हणजे एकटी कुठलीच चालत नाही,” मी म्हटलं, “आणि दोघी मिळून चालतात.”

“जावा जावा असतील,” आई म्हणाल्या. “एकीनं काम करायचं, दुसरीनं नुस्तं बसायचं.”

सगळे हसले, मीसुद्धा, आणि हसता हसता थांबले. कारण ते बघता येण्यासारखं होतं. कुठल्या बॅटरीतून किती वीज निघतेय हे सॉफ्टवेअर सांगतं. मी विचारलं. खालची बॅटरी काम करत होती. वरचीचा तर पत्ताच नव्हता, जणू ती कुणी लिहिलीच नाही. मी दोघींच्या जागा बदलल्या, वरची खाली, खालची वर. आता मघाशी बसून राहिलेली कामाला लागली आणि मघाशी राबणारी बेपत्ता!

“वर बसेल ती मरते,” मी म्हटलं.

“काय अभद्र बोलतेस,” आई.

“नाही आई, खरंच! कुठलीही बसवा. वर बसेल ती मरते!”

माझ्या अंगात वारं शिरलं. मी एक बॅटरी तात्पुरती काढली, दुसरी खाली ढकलली आणि सगळ्यात वर एक रेझिस्टर नेऊन बसवला. रेझिस्टर गायब. भोंगा वर बसवला. भोंगाच गायब. विनिता प्रत्येक वेळी मरणाऱ्याच्या नावाने गळा काढायची आणि तेजू त्या रडण्यावर इतकी हसली की तिला उचकी लागली. मग उचकीची काळजी. पाणी दिलं, पाठ चोळली, उचकी थांबली, मी परत पडद्यापाशी आले आणि सगळं होतं तसं केलं, दोन्ही बॅटऱ्या वर, एकीखाली एक.

“बाबा, हे पहिली ओळ वाचतच नाही. म्हणजे वाचतं, पण वस्तू म्हणून नाही. नुसतं…”

“मथळा,” बाबा म्हणाले. “निबंधाला असतो ना तसा. मथळ्याला कुणी मार्क देत नाही.”

“बरोबर! पहिली ओळ म्हणजे सर्किटचं नाव. तिथे काहीही लिहा, ते नाव समजतं आणि पुढे जातं. मी तिथे बॅटरी लिहिली, म्हणून माझ्या सर्किटचं नाव पडलं बॅटरी, आणि सर्किटमधली बॅटरी गेली!”

“पण मग इतके दिवस कशी चालली गं?” विनिताने विचारलं.

कॉलेजात आम्ही चित्रं ओढून सर्किट करायचो, हे ओळींचं प्रकरण मी एकटीच घरी बसून शिकले. पहिली ओळ नावाची असते हे कळायची मला कधी वेळच आली नव्हती, कारण माझ्या प्रत्येक फाइलला आधीपासून एक पहिली ओळ होती. बाबा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकले, वरपासून खालपर्यंत ओळी वाचल्या, आणि मग परत वर गेले.

“पुसलंस होय,” ते म्हणाले.

“स्वच्छ फाइल मागितली होती, बाबा.”

“हं.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग एकाएकी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं काय झालं! ते हसत होते. “अगं, म्हणजे महिनाभर तुझी बॅटरी कुणी जिवंत ठेवली? आं? सांग की तुझ्या आईंना!”

आईंना सांगितलं. आईंनी सूप बाजूला ठेवलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, “आता त्यांना काय कमी कामं होती, तर तुजा सेलबी त्यांनीच बगायचा?”

या हसण्यात जेवणं झाली, तेजूची झोप झाली, आणि अडीच वाजले. आमच्या वाडीत फोनची रेंज धड येते ती फक्त बुद्धविहाराच्या ओट्यावर. परीक्षेचा फॉर्म, मुंबईच्या नातलगांचे वाढदिवस, सम्यकची बोटीवरून येणारी खुशाली, सगळं तिथेच होतं. सम्यक माझा नवरा, दिघी-आगरदांडा बोटीवर कामाला, त्या वेळी खाडीच्या मध्यावर असणार. तेव्हा आमची वरात निघाली. पुढे बाबा प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन, मागे विनिता चार्जर आणि पाण्याची बाटली, मग तेजूला कडेवर घेऊन आई, आणि शेवटी मी, उघडा लॅपटॉप परातीसारखा धरून, चालता चालता एका बोटाने फाइलच्या वर जयभीम टाइप करत. बटण दाबून बघितलं नाही. कारण सापडलं होतं, आता बघायचं काय?

ओट्यावर लॅपटॉप खुर्चीत बसला, मी खाली बसले. बाबांच्या हातात ज्याच्यावर इंटरनेट येत होतं तो फोन. विनिता कॅमेऱ्याच्या मागे. आई तेजूला घेऊन खांबापाशी, मला दिसतील अशा. ही अट माझी.

तीन वाजता हर्षद सर पडद्यावर आले. वय माझ्या थोरल्या भावाएवढं असेल, मागे भिंतीवर खेळण्यांचे नमुने टांगलेले.

“नमस्कार मानसी. कुठून बोलताय? मागे छान मोकळं दिसतंय.”

“घरून, सर. म्हणजे, घराच्या जवळून.”

“बरं. फाइल दाखवा.”

दाखवली. ते वाचायला लागले. त्यांचे डोळे पडद्याच्या वरच्या टोकाला गेले. भुवया उचलल्या गेल्या, तोंड उघडलं आणि सर तिथेच गोठले.

रेंज. दुसरं काही नाही, रेंज गेली होती. पण समोर तो चेहरा, भुवया वर, तोंड अर्धं उघडं, आणि मला तो वाचायचा होता. हे आश्चर्य आहे? नाराजी आहे? जांभई आहे? तेजूच्या पहिल्या तापात मी थर्मामीटरसुद्धा इतका निरखला नव्हता. बाबांनी फोन हळूच उजवीकडे नेला. सर हलले.

“…नाव दिलंत ते बरं केलंत. बहुतेक जण पहिली ओळ तशीच सोडतात आणि पहिला भाग हरवून बसतात.”

“हो ना सर!” माझ्या तोंडून इतक्या जोरात निघालं की खांबापाशी तेजू दचकली. “मी सकाळभर बॅटरी शोधत होते!”

सर हसले. “मग सापडली ना? चालवा.”

मी बटण दाबलं.

लाल अक्षरं. सकाळपासून एकदाही चूक न दाखवलेल्या त्या सॉफ्टवेअरने आत्ता, पुण्याच्या साहेबांसमोर, गणित सुटत नाही म्हणून हात वर केले. रेषा नाही, शून्यसुद्धा नाही.

विनिताने ‘पीं’साठी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मला कानात समुद्र ऐकू यायला लागला. खरा असेल, विहारापासून तो फार लांब नाही.

“काय म्हणतंय?” सरांनी विचारलं.

मी फाइलकडे बघितलं. वर नाव होतं. नावाखाली बॅटरी. तिच्याखाली बॅटरी. दुपारच्या गडबडीत दुसरी काढायचीच राहिली होती! सकाळी वर बसणारी मरत होती म्हणून दोघींचं निभत होतं. आता नाव वर जाऊन बसलं, आणि दोघी जिवंत.

“सर, दोन बॅटऱ्या आहेत,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. “एकाच दोन टोकांना, दोन्ही नऊ व्होल्टच्या. किती वीज हिच्यातून आणि किती तिच्यातून, ते त्याला ठरवता येत नाही. कितीही वाटणी केली तरी बरोबरच येते, म्हणून अडकलंय. आमच्याकडे याला जावा म्हणतात. एक काढते.”

“काय म्हणतात?”

“काही नाही, सर.”

दुसरी पुसली, बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या सेकंदाला रेषा टुणकन उडाली.

“पींऽऽऽ!” विनिताच्या तोंडून निसटलं.

“हा आवाज कुठून आला?” सर पडद्याजवळ सरकले. “तुम्ही आवाजपण जोडलाय?”

“नाही, सर. ती माझी नणंद.”

सर इतके हसले की त्यांच्यामागचं एक टांगलेलं खेळणं हललं. मग मात्र त्यांनी नीट प्रश्न विचारले. घामाने दुपटं दमट झालं तर वाजेल का? नाही, त्यासाठी हा रेझिस्टर, मी म्हटलं, आणि त्या क्षणी मला कळलं की तो कशाला घातलाय. बॅटरी किती दिवस पुरेल? बाळाच्या अंगाला किती वीज लागेल? या प्रश्नाची तर मी वाटच बघत होते. मुंगी चावल्याइतकीसुद्धा नाही, कशी ते आकड्यांत सांगितलं, वायर तुटली तर काय, बाळाने पट्टी चोखली तर काय, तीही उत्तरं दिली, न विचारता.

“तुम्ही बरंच वाईट वाईट चिंतून ठेवलंय,” सर म्हणाले.

“सवय आहे, सर.”

“भिजली गोऽऽ!” खांबापाशी आई ओरडल्या. “माजं लुगडं गेलं!”

“काय झालं?”

“सर, खरं सर्किट वाजलं,” मी म्हटलं.

सर पुन्हा हसत सुटले. डोळे पुसून ते सरळ बसले, समोरचा कागद पालथा घातला. “बरं, मानसी. आमचं असं ठरलंय, की तुम्हाला…”

आणि गोल फिरायला लागला. पडद्याच्या मधोमध तो पांढरा गोल, भिंगरीसारखा.

“बाबा!”

“मी हललो नाही!” बाबा फोन छातीशी धरून उभे. “तीच गेली!”

“उजवीकडे घ्या!”

“उजवीकडे भिंत आहे!”

“टाकीपाशी!” विनिता ओरडली. “टाकीपाशी दोन काड्या येतात!”

आम्ही पळालो. मी लॅपटॉप परातीसारखा धरून, विनिता खुर्ची घेऊन, आई ओल्या तेजूला घेऊन, तेजू या सगळ्या पळापळीवर किंचाळून हसत, आणि सगळ्यांच्या पुढे बाबा, धोतराचा सोगा एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. पाण्याच्या टाकीला कठडा आहे कंबरेएवढा. मी ‘बाबा, नको!’ म्हणेपर्यंत ते त्यावर चढलेसुद्धा.

“पडाल! बाबा, उतरा!”

“आली का?”

“नाही! पण उतरा!”

त्यांनी फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. गोल फिरायचा थांबला. सर दिसले, आडवे, कारण लॅपटॉप माझ्या हातात तिरका झाला होता.

“हॅलो? ऐकू येतंय का? मी म्हणत होतो, सुरुवातीला सहा महिने करू. रोज चार तास, तुमच्या सोयीच्या वेळेला. सोमवारी पहिली फाइल पाठवतो. जमेल?”

मी नुसती मान हलवत होते आणि लॅपटॉपही माझ्यासोबत हलत होता. आईंना धीर धरवला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्यात तोंड घातलं.

“साहेब, म्हंजे रोह्याला जायचं न्हाय ना हिला?”

“रोह्याला?” सर गोंधळले. “रोह्याला कशाला? आमचं तिकडे काहीच नाही.”

“तेच इचारतेय. न्हाय ना?”

“नाही हो, आजी. कुठेच जायचं नाही.”

आईंनी तेजूला तशीच ओली माझ्या मानेवर लटकवली आणि पदर तोंडाला लावला. विनिताने सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ‘पींऽऽऽ’ केली.

“काय म्हणाले?” वरून बाबांचा आवाज आला. ते अजून कठड्यावर, दोन्ही हात आभाळाकडे. “अरे, मला कुणी सांगेल का? हात दुखायला लागले माझे!”

“मिळालं, बाबा! घरूनच! घ्या हात खाली!”

बाबांनी हात खाली घेतले, आणि पुण्याचे साहेब ‘अभिनंद’ म्हणता म्हणता दिसेनासे झाले.